पाय काय म्हणतात?

मामीचा फोन आला तेव्हा मी बेळगावला ऑपरेशन थिएटरबाहेर हात धुवायच्या तयारीत होते. "गेले गं हे..." एवढंच ती म्हणाली. नळ तसाच चालू राहिला.

आप्पामामा, माझ्या आईचे थोरले भाऊ, निपाणीत भूलतज्ज्ञ होते. मी भूलशास्त्र घेतलं ते त्यांच्यामुळे. पण हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सुट्टीत त्यांच्याबरोबर दवाखान्यात जायची आणि कोपऱ्यात उभी राहून बघायची. आमच्या भागात सलाईनवर लोकांचा भारी विश्वास. ऑपरेशननंतर रक्ताचं प्रेशर उतरलं की नातेवाईक बाटलीच मागतात. मामा मात्र आधी पेशंटचे पाय उचलायचे. पायांतलं रक्त हृदयाकडे येतं. तेवढ्यानं प्रेशर चढलं तर सलाईनचा उपयोग होण्याची आशा, नाहीतर ते पाणी फुप्फुसांत साचायची भीती. "त्याचंच रक्त त्याला घडीभर उसनं द्यायचं," असं ते म्हणायचे. पाय धरण्याआधी तळहात एकमेकांवर खसाखसा घासायचे. गार हात लागला की माणूस दचकतो आणि आकडा खोटाच चढतो.

सदलग्याच्या एका म्हातारीचा मुलगा एकदा वैतागला. "डॉक्टर, बाटली लावायची सोडून आईचं पाय काय उचलालासा? कवायत घ्यालासा व्हय?"

"तिला तहान हाय का इचारालोय रं. तू गप हुबा ऱ्हा."

त्या अवस्थेतही म्हातारी हसली...

मग मामांचंच पोटाचं ऑपरेशन झालं, मी शिकते त्याच हॉस्पिटलात. दुसऱ्या दिवशी प्रेशर घसरलं. मामी म्हणाली, "बाटली लाव की गं, बघत काय हुबारलीस?" आमचे सर माझ्याकडे बघत होते. मी तळहात घासले, मामांचे पाय उचलले. मॉनिटरवरचा आकडा हलला नाही.

मामांनी डोळे उघडले. "काय म्हणत्यात पाय?"

"नको म्हणतात."

"मग ऐक की त्यांचं."

मामीकडे बघायचा मला धीर झाला नाही. सरांनी मान डोलावली. बाटलीऐवजी प्रेशर वाढवायचं औषध सुरू झालं. मामा सावरले, निपाणीला घरी गेले. आणि एका सकाळी, चहा पिऊन झाल्यावर, आपल्या खुर्चीतच त्यांचं हृदय थांबलं.

मामीनं बाटलीचा विषय पुन्हा काढला नाही. बाराव्याला मला चहा देताना एवढंच म्हणाली, "घरी आल्यावर सांगत हुते, पोरीचं हात गरम हुतं म्हणून."

परवा थिएटरमध्ये एसीचा गारठा होता. पेशंटचं प्रेशर उतरलं होतं. टेबलापाशी मी तळहात घासत उभी होते.

"मॅडम, थंडी वाजालीय व्हय?" सिस्टरनं विचारलं.

हात गरम झाले तसे मी पेशंटचे पाय उचलले.