हत्तीच्या पोटात तेलाचा डबा

गुरुजी मानेला पट्टा बांधून माझ्या गॅरेजच्या दारात उभे होते आणि हसत होते. मान वळत नव्हती, म्हणून अख्खे वळून गाडी दाखवत होते.

"पाह्य करीम, बंपरले नुस्ता एक पोचा. अन् त्या कंत्राटदाराच्या नव्या गाडीचं तोंड पाह्यलं का? पार चिवडा."

मी गोंडपिपरीत तीस वर्षं डेंटर आहे. डेंटर म्हणजे ठोकलेली गाडी पुन्हा गाडीसारखी दिसायला लावणारा माणूस. 'दिसायला' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे त्यावरच माझी इज्जत गेली. गुरुजींनी मला सातवीत विज्ञान शिकवलं आणि दोनदा नापासही केलं. त्यांच्या त्या पांढऱ्या जुन्या धुडाला सगळा तालुका हत्ती म्हणायचा.

झालं असं होतं. आदल्या दुपारी पोंभुर्ण्याच्या रस्त्यावर रानडुकरीण पिल्लं घेऊन आडवी आली. गुरुजींनी ब्रेक दाबला आणि मागून कंत्राटदार येऊन धडकला. त्याचं बोनेट दुमडलं, रेडिएटर गेला, स्टिअरिंगमधला फुगा बाहेर आला. आणि तो पठ्ठ्या खाली उतरला, शर्ट झटकला आणि फोन करत बसला. हत्तीला एक पोचा. फक्त गुरुजींना मान धरून दवाखान्यात जावं लागलं. तरी लोक कौतुक करत होते ते हत्तीचंच.

आता हे समजून घ्या. नव्या गाडीचं तोंड मुद्दाम मऊ केलेलं असतं. ते चुरगळतं आणि धक्का स्वतः खातं. जुनी गाडी कडक, ती धक्का खात नाही, पुढे ढकलते. पुढे कोण बसलेलं असतं? आपण. त्यात हत्तीच्या सीटची पाठ खांद्यापर्यंतच, डोक्यामागे टेकायला काही नाही. धड पुढे गेलं, डोकं मागे राहिलं, मधल्या मधे मान कामी आली.

एवढं सांगायला मी तोंड उघडलं, पण गुरुजींना ऐकायचं कुठे होतं! त्यांना गाडी संध्याकाळपर्यंत हवी होती. दुसऱ्या दिवशी सुनेला तपासणीसाठी चंद्रपूरला न्यायचं होतं. सातवा महिना. मुलगा नोकरीला लांब. मागच्या सीटवर पाय पसरून आरामात जाईल म्हणाले, नव्या गाड्या म्हणजे पत्र्याचे डबे. बंपर ठोक, रंग मार, दे. मी हो म्हटलं.

कामाला लागलो आणि मागचा दरवाजा लागेना. फट वर बोटभर आणि खाली काहीच नाही. गुरुजी म्हणाले, त्याला पहिल्यापासून दोन थपडा लागतात. मला ते पटलं नाही. मी गाडी वर घेतली, खाली शिरलो आणि सुतळी काढली. आमचं जुनं माप आहे. चॅसी म्हणजे गाडीचा सांगाडा. तिच्या पुढच्या एका कोपऱ्यापासून मागच्या विरुद्ध कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणायची, मग दुसऱ्या बाजूनं तशीच. गाडी सरळ असेल तर दोन्ही सारख्या भरतात. इथे एक दुसरीपेक्षा तीन बोटं आखूड. कातडी हसत होती आणि आत हाडं मोडली होती.

मग मागची सीट उचलली, मॅट काढली.

खालचा फ्लोअर एका रेघेत फाटला होता. सीटचा हूक सुटून लोंबत होता. आणि फाटलेल्या काठावर पिवळ्या रंगात अर्धवट अक्षरं होती: 'शुद्ध शेंगदा'. तो पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याचा पत्रा होता. लावणारा मीच.

आमच्याकडे गाडी म्हणजे बैलगाडीची धाकटी बहीण. मागच्या सीटवर धानाची पोती, उन्हाळ्यात मोहफुलं. वर गुरुजी पडले स्वच्छतेचे भोक्ते. घरी आले की पाइप लावून गाडी आतून धुवायचे, गोठा धुतात तशी. पाणी मॅटखाली मुरायचं आणि पत्रा खायचं. काही वर्षांपूर्वी फ्लोअरला भोक पडलं तेव्हा ते माझ्याकडे आले. जाड पत्रा हाताशी नव्हता, दुकान लांब, मला कंटाळा. डबा कापला, वेल्डिंगचे चार टाके घातले, वर खड्डे बुजवायची पुट्टी, वर काळा रंग. गुरुजी खूश झाले. मी त्यांच्याहून खूश.

खोटं कशाला सांगू, मी मॅट परत खाली टाकली. एक चहा प्यालो. पहारीनं दरवाजा ओढून बसवता आला असता, भोकावर नवा पत्रा, बंपरला रंग. कोणाच्या बापाला कळलं नसतं. पण त्या सीटवर उद्या सात महिन्यांची गरोदर बाई बसणार होती आणि तिच्या पाठीमागे पेट्रोलची टाकी. आधी मला डुकरिणीचा राग आला, मग गुरुजींच्या पाइपचा, आणि शेवटी जिथे यायला पाहिजे होता तिथे आला.

"गुरुजी, गाडी देत नाई. चॅसी वाकली."

"कुठी वाकली? मले तं दिसत नाई."

"दिसत नाई, म्हणूनच."

गुरुजी भडकले. खरं लोखंड आहे म्हणाले, आणि मी त्यांना विज्ञान शिकवायला निघालो का? जुन्या स्पीकरमधून काढलेला चुंबक प्रत्येक डेंटरकडे असतो, तो त्यांच्या हातात दिला. लोखंड असन तं चिकटन, एवढंच म्हटलं.

ते गाडीभोवती फिरले. बोनेटला चुंबक टक्कन चिकटला. टपाला चिकटला. गुरुजींनी माझ्याकडे विजयी नजर टाकली. मागच्या चाकाच्या वरच्या भागाला लावला, पडला. पट्ट्यामुळे त्यांना वाकता येईना, मी उचलून दिला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. सहा वेळा वाकलो मी.

"हे काय हाय?"

"पुट्टी."

"कोणाची?"

"माझी." आणि मी स्वतः मॅट उचलली.

त्यांनी चष्मा लावून ती अक्षरं वाचली. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. बसली असती तर बरं झालं असतं.

"करीम," ते हळूच म्हणाले, "असे डबे तू आणखी कोणाकोणाच्या गाडीत लावले?"

मला एकेक गाडी आठवायला लागली. चामोर्शीच्या बाजाराला जाणारी भाजीवाल्याची. लग्नाच्या वराती नेणारी जीप. आणि शाळेच्या पोरांची व्हॅन.

सून माझ्या साडूच्या नव्या गाडीतून चंद्रपूरला गेली. सीटचा पट्टा पोटाखालून घ्यायला मी दोनदा सांगितलं. गुरुजी पुढे बसले आणि त्या गाडीला जाताना-येताना डबा म्हणत राहिले. हत्ती भंगारात गेला. कटर लावायच्या आधीच त्याचा मागचा भाग हातात आला.

बाकीच्यांना मी फोन केले. बरेच आले. काही म्हणाले, गाडी चालून राह्यली ना, मंग? व्हॅनवाला तर म्हणाला, धंदा नाही म्हणून भीती घालतो. तेव्हा गुरुजी मानेच्या पट्ट्यासकट शाळेच्या गेटवर जाऊन उभे राहिले आणि आईबापांसमोर व्हॅनच्या मागच्या अंगाला चुंबक लावला. तो पडला. त्यांनी पोरांकडूनच उचलून घेतला आणि परत लावला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा आयांनी पोरं खाली उतरवली. व्हॅन दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात.

तेव्हा जुनी गाडी मागून ठोकली आणि तिला काहीच झालं नाही, तर आधी आत बसलेल्याची मान बघा. मग मॅट उचला. खाली तेलाचं नाव दिसलं तर माझ्याकडे घेऊन या, बहुतेक काम माझंच असेल. जाड पत्रा आता आणून ठेवला आहे, आणि तपासायला गुरुजी बसतात. अजून नापासच करतात.