झेलीआत्याचा तवा

झेली द्यूफूर माझी सख्खी आत्या, पण सगळं खोरंच तिला आत्या म्हणतं. वय अठ्ठ्याहत्तर, उंची बेताची, जिभेला मात्र माप नाही. चर्चच्या सभागृहात कोंबडीच्या रश्श्याचं जेवण असलं, की कुट्टूच्या पिठाचे प्लॉय, म्हणजे आमची जाळीदार धिरडी, घालायचा तवा तिचा. एकेचाळीस वर्षं दुसऱ्या कुणी तिथे डाव धरला नव्हता.

यंदा तिची नजर गेली. डॉक्टरांनी हात टेकले. मग जेवणाचा कारभारी ऑनेझीम घरी आला आणि टोपी चुरगाळत म्हणाला, "आत्या, या वेळी तू बसून जेव. तव्यावर माझा जावई उभा राहील."

"तो पोर्टलंडचा शहरी? त्याला पाणी तरी उकळता येतं का?"

ती हसली खरी, पण त्या दिवशी तिने रेडिओही लावला नाही. "तवा गेला, आता मी नुसती म्हातारी," असं मला म्हणाली. मला ऑनेझीमचा भयंकर राग आला.

रविवारी दुपारी सभागृह खच्चून भरलं. आमच्या लोकांची तोंडं जेवतानाही बंद नसतात. जावयाने तव्यावर पीठ ओतलं, छान जाळी पडायला लागली, आणि त्या शहाण्याने उलथणं घालून प्लॉय उलटला! रांगेतल्या बायकांनी छातीवर क्रूस काढला. प्लॉय एकाच बाजूने भाजायचा, हे आमच्याकडे रांगतं पोरही जाणतं.

तो नेमका आत्याच्या ताटलीत आला. तिने बोट फिरवलं. "जाळी कुठंय? कुणी उलटला रे?"

"दोन्हीकडून खमंग व्हावा म्हणून..." जावई पुटपुटला.

"मग लोणी कुठं मुरवू? तुझ्या डोक्यात?"

ऑनेझीमने कपाळावर हात मारला आणि डाव आणून आत्याच्या हातात दिला. "पण तुला दिसणार कसं गं?"

"ऐकू येईल. जाळी पडताना पीठ चुरचुरतं, गप्प झालं की काढायचं. पण तुमच्या या गलक्यात काय ऐकू येणार, कप्पाळ!"

ऑनेझीम खुर्चीवर चढला. "गप्प बसा सगळे!"

आत्याने डावाने पीठ ओतलं, तव्याकडे कान केला, थांबली, आणि पिवळाधमक जाळीदार प्लॉय उचलून जावयाच्याच ताटलीत टाकला.

त्या दुपारी आम्ही जन्मात पहिल्यांदा कुजबुजत जेवलो. मीठसुद्धा खुणेने मागितलं. शेवटचा प्लॉय उतरला तरी कुणी आवाज चढवेना, तेव्हा आत्याच ओरडली, "मेलात का सगळे? बोला की आता!"