झाकणाच्या आतली बाजू

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे — का, ते विचारू नका.

सायखेड्यात आमची गुलाबपाण्याची भट्टी आहे. हंड्यात पाकळ्या आणि पाणी, खाली जाळ, वर तांब्याचं घुमटासारखं झाकण, झाकणावर गार पाणी. वाफ झाकणाला आतून लागते, तिचे थेंब होतात, घरंगळून नळीत जातात. जाळ माझी थोरली जाऊ सांभाळायची — शकूताई. मी लग्न होऊन आले तेव्हा तिनंच मला शिकवलं, शिव्या घालत, मधेच हातावर लाडू ठेवत. "लाकूड कोंबू नको गं लता, भट्टी हाय, चूल नाय!"

एकदा गंगापूर रोडचा एक दुकानदार भट्टी बघायला येणार होता. झाकण आतून तेलकट, काळपट. मला स्वच्छतेची भारी हौस — पॉलिश पेपर घेतला आणि घासून लख्ख केलं. कुणाला विचारलं? कुणालाच नाही.

दुसऱ्या दिवशी नळीतून गुलाबपाणी कमी उतरलं. वाफ सांध्यातून बाहेर. सासरे शकूताईवर घसरले, "ध्यान कुठंय तुझं? मोबाइल बघत बसती का?" तिलाही वाटलं, जाळच चुकला.

झाकण उतरवलं ते मी. आत थेंब नव्हतेच — पाणी पसरून चिकटलं होतं. तेलकट, गुळगुळीत पत्र्यावर थेंब थांबत नाही, पळतो, मागच्या वाफेला गार तांबं मोकळं मिळतं. पॉलिश पेपरनं मी पाडलेल्या बारीक चरांत पाणी धरून बसलं होतं, पत्र्यावर पांघरूण घातल्यासारखं. वाफेला गारवा लागणार कसा? कळलं मला — तिथंच, तेव्हाच. बोलले का? नाही.

सासऱ्यांनी जाळ माझ्याकडे दिला. शकूताई बाटल्या धुवायला बसली. हळूहळू चर बुजले, तेल चढलं, पाणी पहिल्यासारखं पडू लागलं — आणि नाव माझं झालं. "लताच्या हाताला गुण हाय," शकूताई आल्यागेल्याला अजून सांगते. भीतीनं गप्प राहिले म्हणू? भीती नव्हती. ती जागा मला आवडली होती.

आज सकाळी मला यायला उशीर झाला, म्हणून जाळ तिनं लावला. मी आले तशी हात पुसत म्हणाली, "बघ गं, बरोबर हाय का? मला काय त्यातलं कळत नाय."

जाळ अगदी बरोबर होता.

"थोडा कमी कर, ताई," मी म्हणाले. तिनं लगेच एक लाकूड मागे ओढलं.