गाव सोडू नका

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही — बायकोपाशीसुद्धा नाही, आणि तिच्यापासून तर माझं काही म्हणजे काही लपत नाही. तुम्हाला सांगतो. हसू आलं तर हसा. मलाही येतं — आधी.

मंदीत लातूरची आमची डाळमिल बंद पडली. मी आणि मन्मथ, दोघंही तिथल्याच जवळच्या मुरुडचे, एकाच दिवशी घरी बसलो. अशात पंतप्रधान टीव्हीवर बोलले — प्रत्येक हाताला काम देऊ, तुमच्या अडचणी मला कळवा. आपण ऐकतो आणि चॅनल बदलतो, नाही का? मन्मथ मात्र वही घेऊन माझ्याकडे आला. "त्यांनी इचारलंय म्हणल्यावर सांगाय नगं?" पत्र त्याच्या नावानं, इंग्रजी माझं. तब्येतीची चौकशी झाली, हुरड्याचं आमंत्रण झालं, शेवटी कुठं नोकरीचा विषय निघाला.

आणि उत्तर आलं की हो! इंग्रजीत, शिक्क्यासकट. हॉटेलात पंधरा माणसं भोवती, मन्मथ नव्या सदऱ्यात, मी वाचायला.

आता इथं — थांबा, सांगतोच. त्याच आठवड्यात आमच्या जुन्या मुकादमाचा निरोप आला होता. नांदेडच्या एका मिलमध्ये एकच जागा, सोमवारी हजर व्हायचं, आणि ती मन्मथला. मशीनवर त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला, हे मुकादमाला माहीत होतं. मला माहीत नव्हतं का? त्याची पिशवी भरून तयार होती.

पत्रात एकच ओळ होती: अर्ज मिळाला, संबंधित खात्याकडे पाठवला. मी ती वाचली. आणि मग — अडखळलोसुद्धा नाही हो — पुढं वाचलं, "धीर धरा. गाव सोडू नका. काम तुमच्याकडे चालत येईल." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मन्मथनं सगळ्यांना चहा पाजला आणि घरी जाऊन पिशवी रिकामी केली. सोमवारी नांदेडला मी हजर झालो. मन्मथ येत नाही म्हणाला, एवढंच मुकादमाला सांगितलं.

दीड वर्ष तो वाट बघत बसला. त्याची बायको दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. आता स्टँडवर त्याचा चिवड्याचा गाडा आहे, चांगला चालतो — पण त्यात माझं काही नाही. मी फक्त त्याची जागा घेतली. ठरवून. लाज वाटते.

यंदा दिवाळीला गेलो, तर चिवडा बांधता बांधता म्हणाला, "एक सांगू का? तू नांदेडला गेलास तवा मला लई वाईट वाटलं बघ. मला निदान थांब म्हणणारं कुणी होतं. तुला न्हाई कुणी म्हणलं."

मी म्हणालो, "व्हय."

त्यानं पुड्यात आणखी एक मूठ घातली. मी घेतली.