विरळ विणीचे जाळे

डोंगरांमधल्या तलावावर मासेमारी करणाऱ्या त्या विधुर गृहस्थांना सगळे 'माशांचे मामा' म्हणत. पिल्ले सुटून जावीत म्हणून ते आपले जाळे मुद्दाम विरळ विणत. "भाच्यांना सोडून बाकीच्यांना धरतो," असे ते स्वतःच सांगत. पुढेपुढे जाळ्यात मासे कमी, पण भलेथोरले येऊ लागले. पाणीही तळातले दगड दिसावेत इतके नितळ झाले. उत्पन्न घटल्यामुळे बाकीचे मासेमार एकेक करून शहराकडे निघून गेले. मामांची मात्र, तलाव सुधारत आहे, अशीच समजूत होती.

पाणीतपासणीचे काम करणारी त्यांची मुलगी सुट्टीत आली. तलावाचे पाणी तपासून तिने विचारले, "बाबा, पिल्लू शेवटचं कधी पाहिलंत?"

"माझ्या जाळ्यात पिल्लू कसं येईल? म्हणून तर ते तसं विणतो."

"पाणी आम्ल झालंय. आमच्या शहरातल्या वीजकेंद्राच्या धुरातला गंधकाचा वायू ढगांत मिसळतो आणि त्या पावसानं मातीतलं ॲल्युमिनियम विरघळून तलावात उतरतं. मोठे मासे तग धरतात, पण अंड्यांतून पिल्लंच निघत नाहीत. पाण्यातले सूक्ष्म जीव मेले, म्हणून ते एवढं नितळ."

"शहराचा धूर इतक्या लांब?"

"लोकांनी तक्रारी केल्या, म्हणून धुराडी उंच बांधली. आता आमच्याकडे हवा छान असते." तिने पाण्याच्या बाटलीचे झाकण लावले. "माझ्याकडे चला. इथे दिवसभर बोलता कोणाशी?"

"एक पिल्लू सापडलं तर राहीन. नाहीतर येईन."

मुलगी परतल्यावर मामांनी बारीक विणीचे जाळे विणले. ओढ्याच्या मुखाशी, लव्हाळ्यात, जिथे जिथे पिल्ले असायची, तिथे तिथे ते टाकून पाहिले. कुजलेली पाने व काटक्या तेवढ्या वर आल्या. अखेरीस एक मोठी मादी सापडली. तिचे पोट अंड्यांनी फुगले होते. मामांनी तिला दोन्ही हातांनी पाण्यात धरले आणि ती हलू लागल्यावर सोडून दिले.

त्यांनी मुलीला फोन केला. "पिल्लू नाही सापडलं."

"मग कधी निघताय?"

"एक मादी आहे अजून. ती आहे तोवर थांबतो."

"बाबा, तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता खरा."

मुलगी म्हणाली, "थंडी वाढेल आता. जाड पांघरूण पाठवते."