हिरवी खूण

त्याला सगळे दमबाबा म्हणत. हे नाव गिऱ्हाइकांनीच पाडलेलं. कॉम्प्युटर तयार झाला का म्हणून कुणी विचारायला आलं, की हा मान वर न करता म्हणायचा, "चालतोय. पण दम बघतोय अजून." मग तो कॉम्प्युटर आणखी दोन-तीन दिवस दुकानातून हलत नसे. गिऱ्हाईक चडफडत जायचं, मालक कपाळाला हात लावायचा, पण दमबाबा ढिम्म.

कॉम्प्युटर पळवणं हे त्याचं काम. कंपनीने जो वेग आखून दिलेला असतो, त्याच्याही पुढे त्याला रेटायचं. गेम खेळणारे, व्हिडिओ जोडणारे, इमारतींची चित्रं काढणारे, सगळ्यांनाच आहे त्या मशीनमध्ये जास्त वेग हवा असतो. थोडा वेग वाढवायचा, थोडी वीज वाढवायची, पंखा मोठा बसवायचा. एवढं काय, कुणीही सोम्यागोम्या करतो. खरी मेख पुढे आहे. जास्त पळवलेलं मशीन बंद पडलं तर बरं, निदान कळतं तरी. काही मशिनं बंद पडत नाहीत. ती गुमान चालत राहतात आणि मधूनच एखादं उत्तर चुकीचं देतात.

हे पकडायला दमबाबाकडे दोन प्रोग्राम होते. एक प्रोसेसरला अवाढव्य गणितं घालायचा. उत्तरं आधीच ठाऊक असायची, एक जरी चुकलं की पडद्यावर लाल ओळ. दुसरा मेमरीसाठी. तो मेमरीच्या कप्प्याकप्प्यात काहीबाही लिहून ठेवायचा आणि परत काढून बघायचा, ठेवलं तेच निघतंय का. हा दुसरा महा रेंगाळणारा. एक फेरा संपला की पुन्हा पहिल्यापासून, कारण मशीन चांगलं तापल्याशिवाय खरं बोलत नाही. सगळे फेरे सुटले की घंटी वाजायची आणि कोपऱ्यात हिरवी खूण उमटायची. "पहिल्या फेऱ्यात सगळेच हुशार असतात," हे दमबाबाचं वाक्य दुकानातल्या झाडूवालीलाही पाठ होतं.

घरी मात्र त्याला एकच परीक्षक होती. ताई. आईवडील लवकर गेले, तेव्हा तिनेच शिवणयंत्रावर पाय मारून त्याला वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं. स्वतःचं राहून गेलं, आणि त्याबद्दल तिने कधी ब्र काढला नाही.

ताई साधी शिंपीण नव्हती. दुसरे लोक माणसाचे दोन्ही खांदे सारखेच असणार असं धरून कापड कापतात. ताईकडे यायची ती माणसं तशी नसत. कुणाच्या पाठीला बाक, कुणाचा एक हात आखूड, कुणाच्या छातीचं ऑपरेशन झालेलं. "कपडा अंगावर बेतायचा, अंग कपड्यावर नाही," असं म्हणत ती त्यांच्याभोवती टेप घेऊन फिरायची. प्रत्येकाच्या मापाने खाकी कागदावर आखलेला कापणीचा बेत तिने जपून ठेवलेला. खोलीच्या एका भिंतीला दांडी होती आणि तिच्यावर हे कागद ओळीने टांगलेले. माणूस दहा वर्षांनी परत आलं तरी ताई बरोबर त्याचाच कागद ओढून काढायची.

मग तिचे डोळे जायला लागले. डोळ्यांमागची नस सुकतेय, डॉक्टर म्हणाले, उपाय नाही. दमबाबाने हे तिला सांगितलंच नाही. सुईत दोरा जाईना तेव्हा तो म्हणाला, "दिवा मंद आहे, ताई." दिवा बदलला. कॉम्प्युटरवरची अक्षरं दिसेनात तेव्हा म्हणाला, "पडदा जुना झालाय गं, रंग उडालेत त्याचे. शप्पथ." पडदाही बदलला. ताई म्हणायची, "हो रे, आता लख्ख दिसतंय." दोघंही खोटं बोलत होते आणि दोघांनाही ते माहीत होतं. माया अशी कधीकधी माणसाला खोटारडं करून सोडते.

एक दिवस तिनेच विषय काढला. म्हणाली, "दिसतंय तोवर सगळे कागद कॉम्प्युटरात घालून ठेवते. माझ्या हाताखालची पोरगी पुढे त्यावरून शिवेल. माझ्यामागे त्या माणसांचं कोण आहे?"

पण तिचा जुना कॉम्प्युटर म्हणजे गोगलगाय. कागदाचा फोटो घालायचा, त्यावर रेघ ओढायची, की पडद्यावर चक्र फिरत बसायचं. ताई डोळे ताणून त्या चक्राकडे बघत बसायची. "माझी नजर वाट बघण्यातच चाललीय रे," ती एकदा म्हणाली. ते वाक्य दमबाबाच्या काळजात घुसलं.

त्याने तिच्यासाठी मशीन बांधलं. निवडून निवडून भाग घातले आणि कुठल्याही गिऱ्हाइकाला दिला नव्हता एवढा वेग त्याला दिला. गणितांचा प्रोग्राम लावला, हिरवी खूण आली. मेमरीचा लावला. पहिला फेरा स्वच्छ सुटला. ताई शेजारी खुर्चीवर कागदांची गुंडाळी मांडीवर घेऊन बसली होती. "झालं का रे?" तिने विचारलं. बाहेर लख्ख ऊन होतं, आणि असल्या उजेडातच तिला जरा बरं दिसायचं. गिऱ्हाईक असतं तर त्याने हात हलवून बाहेर काढलं असतं. पण ही ताई होती. "झालंच," तो म्हणाला आणि त्याने टेस्ट मध्येच थांबवली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पुढचे दिवस मात्र बरे गेले. ताई पडद्याला नाक लावून रेघा ओढायची आणि मशीन तिच्या हाताबरोबर पळायचं. शेवटचा कागद आत गेला तेव्हा तिला फक्त उजेड आणि सावली एवढंच कळत होतं. दमबाबाने तिला आपल्या घरी आणलं. कागदांचं काय करायचं हा प्रश्न आला. बायको म्हणाली, "असू द्यात की माळ्यावर. वन्संचं सगळं आयुष्य आहे त्यात."

"कशाला?" दमबाबा म्हणाला. "सगळं आत आहे. नकलाही काढून ठेवल्यात. कागदांना कसर लागायची."

रद्दीवाला आला. ताईने गठ्ठ्यावरून एकदा हात फिरवला आणि बाजूला झाली.

मग ग्रंथपालबाईंचा कोट शिवायला आला. बाईंच्या पाठीला जन्मापासून बाक, आणि आयुष्यात त्यांना अंगाला बसणारा कोट फक्त ताईने दिलेला. ताईच्या हाताखालच्या त्या पोरीने, तिच्या शिष्येने, मशीनमधून बेत छापून काढला आणि तसाच्या तसा शिवला. बाईंनी घातला, तर हात वर होईना. शिष्या कोट घेऊन ताईकडे आली. ताईने तो मांडीवर पसरला आणि बोटांनी शिवण चाचपत गेली. बाही खांद्याला मिळते तिथे, मुंढ्यापाशी, तिची बोटं थांबली.

"मुंढा खाली उतरलाय," ती म्हणाली. "तू काही बदललंस?"

"नाही हो ताई. छापलं तसंच कापलं."

ताईने त्या शिवणीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग म्हणाली, "तर मग माझीच रेघ चुकली. दिसत नव्हतंच मला तेव्हा."

त्यानंतर आखूड हाताच्या शिक्षकांची बाही चुकली. एकीचा गळा एका बाजूला ओढला गेला. काही फायली उघडल्याच नाहीत. हे दमबाबाच्या कानावर आलं. त्याने मशीन दुकानात नेलं, मेमरीचा प्रोग्राम लावला आणि या वेळी तो बसून राहिला. पहिला फेरा स्वच्छ. दुसरा फेरा अर्ध्यावर आला आणि लाल ओळ उमटली. मग दुसरी, मग पडदाभर. ताईने रेघ बरोबर ओढली होती. ती जपून ठेवताना मशीनने आतल्या आत कुठेतरी एखादा आकडा फिरवला होता, आणि नकला निघाल्या त्या फिरलेल्या आकड्यांच्याच. कुठल्या बेतात काय फिरलं ते ताडून बघायला कागद हवे होते. कागद लगद्यात गेले होते.

तो घरी आला आणि ताईच्या पायाशी बसला. सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. "तुझी रेघ चुकली नाही, ताई. माझं मशीन चुकलं. मी टेस्ट अर्धी सोडली."

ताई हसली. त्या हसण्यात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. "आधी दिवा मंद होता," ती म्हणाली, "मग पडदा जुना झाला. आता मेमरी काय?"

"शप्पथ, ताई!"

"शप्पथ तू पडद्याचीही घेतली होतीस."

"फायली उघडत नाहीयेत, त्या कशाने?"

"न उघडणाऱ्या मशीनच्या असतील. चुकलेल्या माझ्या."

त्याने शिष्येला दुकानात नेऊन लाल ओळी दाखवल्या आणि ताईसमोर उभं केलं. पोरीने डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. ताई म्हणाली, "हिलाही पढवून आणलंस होय?" आणि तिच्या पाठीवरून हात फिरवून शांतपणे सांगितलं, "ते सगळे बेत पुसून टाक. कुणाच्या अंगावर आंधळीचं माप नको." पोरगी तयार कपड्यांच्या कारखान्यात लागली. तिथे दोन्ही खांदे सारखेच असतात. ताई भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. कुणी जुनं माणूस भेटायला आलं की झोपेचं सोंग घ्यायची.

दमबाबाने मशीनचा वेग उतरवला, कंपनीने दिला होता तेवढाच ठेवला, आणि ते ताईच्या खोलीत कोपऱ्यात आणून मांडलं. ते आता कुणाच्याच कामाचं नव्हतं. पण टेस्ट न करता मशीन सोडायचं नाही ही हाताची सवय. त्याने मेमरीचा प्रोग्राम लावला आणि समोर बसून राहिला. फेऱ्यामागून फेरे सुटत गेले. ऊन खिडकीतून सरकत पलंगापर्यंत आलं, तेव्हा घंटी वाजली.

"काय वाजलं?" ताईने विचारलं.

"टेस्ट संपली."

ती कुशीवर वळली. कित्येक दिवसांत तिने आपणहून काही विचारलं नव्हतं. "मग? काही चुकलं का त्याचं?"

दमबाबाने पडद्याकडे पाहिलं. कोपऱ्यात हिरवी खूण होती. लाल आहे म्हणाला असता तर तिला कुठे दिसणार होतं, आणि चूक मशीनची ठरली असती! पण उमटलेल्या खुणेबद्दल तो उभ्या जन्मात कुणाशी खोटं बोलला नव्हता, आणि जीभ आयत्या वेळी सवयीनेच वळली.

"नाही," तो म्हणाला. "पास झालं."

"बघ," ताई म्हणाली. "मशीन चांगलंच आहे. उगाच बोल लावत होतास बिचाऱ्याला."

"अगं, आता वेग कमी केलाय म्हणून..."

"असू दे रे," ती म्हणाली, आणि हात पुढे करून त्याचं डोकं चाचपू लागली.