सिंकमध्ये ओतलेली ट्यूब
तापल्या दुधात लिंबू पिळलं की जो आंबूस वास सुटतो, त्याने मला सिंगापूरमधल्या तुआसची लॅब आठवते आणि अजूनही डोकं फिरतं. मी उपाशीपोटी स्वतःचंच रक्त दिलं होतं. त्याच्या सीरममध्ये हेपारिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, आणि मँगनीजचा क्षार घातला, तसं ते गढूळलं आणि तळाशी पांढरा साका बसला. वाईट कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण हेपारिनच्या सल्फेटवाल्या साखळ्यांना चिकटले होते. आमचे मॅनेजर माझ्यासारखेच पुण्याचे. ट्यूब उजेडात धरून म्हणाले, "नासलंय हे." मी म्हटलं, "नाही सर, लिंबाने जसं पनीर होतं, तसं हेपारिनने वाईट कोलेस्टेरॉल खाली बसतं." "मॅडम, ही लॅब आहे, तुमचं किचन नाही," म्हणत त्यांनी ट्यूब सिंकमध्ये ओतली. पुढच्या आठवड्यात लॅब बघायला पाहुणे आले, तेव्हा मी पुन्हा उपाशी राहून केलेली ट्यूब हातात नाचवत हेच गृहस्थ म्हणाले, "मी नेहमी सांगतो, हे अगदी पनीरसारखं आहे." पाहुणे खूश झाले. मी मागे ट्रे धरून उभी होते. तेव्हा गिळलेलं वाक्य आता बेडोकच्या घरात दूध फाडताना पातेल्याला ऐकवते, की सर, रक्त माझं होतं आणि पनीरही माझंच.